मराल, मॅग्नम आणि गाडीचं दार

कुवेतच्या राय भागातल्या आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक खुर्चीत टेकण्याआधीच पहिलं वाक्य बोलतं, आणि ते बहुतेक वेळा एकच असतं: "सगळ्यात मोठं दे."

मग चहा येतो. मोठं म्हणजे नेमकं काय, यावर चहा संपेपर्यंत चर्चा होते. दुसरा चहा आला की मी विचारतो, "मारायचं काय आहे?" तेव्हा कळतं की ते अजून ठरलेलं नाही.

दुकान शिकारीच्या सामानाचं आहे. पुढच्या भागात तंबू, शेगड्या, दुर्बिणी आणि ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या. आत, जाळीच्या दाराआड, रायफली आणि काडतुसं. परवान्यांचे कागद दुकानाचा मंदूब बघतो, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून फिरण्याचीच नोकरी असलेला माणूस. माझं काम काउंटरवर बसून कोणत्या जनावराला किती अंतरावरून कोणतं काडतूस लागेल ते सांगण्याचं. त्याआधी मी रत्नागिरीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडलं. या दोन नोकऱ्यांचा एकमेकींशी काय संबंध, असं गावी गेल्यावर विचारतात. दोन्हीकडे समोरचा माणूस फुगवून सांगतो आणि आपण ते कापायचं असतं, एवढा संबंध आहे.

मी स्वतः आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. प्रयत्न एकदा केला. तो पुढे येईल.

आधी एक दुरुस्ती. लोक ज्याला सरसकट गोळी म्हणतात, ते काडतूस. पितळी नळकांडं, त्याच्या बुडाला ठिणगी पाडणारी टिकली, आत दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली ती खरी गोळी. चाप ओढला की टिकली पेटते, दारू जळते, गोळी पुढे जाते आणि रायफल मागे येते. पुढे जाणाऱ्या गोळीबद्दल गिऱ्हाईक तासभर बोलतं. मागे येणाऱ्या रायफलीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. धंद्याची सगळी मेख इथे आहे, आणि ती मला कळायला एक मराल जखमी व्हावा लागला.

मराल म्हणजे कझाकस्तानच्या डोंगरातला हरणांचा राजा. आपल्या सांबराहून थोराड, थंडीला साजेशी दाट लव, डोक्यावर झाडासारखी शिंगं. उघड्या उतारांवर राहतो, त्यामुळे जवळ जाता येत नाही. लांबून मारायचं तर गोळी वाटेत खाली पडते, वाऱ्याने सरकते आणि तिचा जोर कमी होत जातो. या सगळ्याचा मी एक तक्ता केला होता. शंभर मीटर, दोनशे, तीनशे, चारशे. प्रत्येक अंतराला गोळी किती बोटं पडते, किती सरकते, जोर किती उरतो. प्लास्टिकमध्ये बसवून काउंटरवर ठेवला होता. मुद्रितशोधनाची एकही चूक नव्हती. मला त्याचा अभिमान होता.

विचित्र गिऱ्हाइकांची कमतरता कधीच नव्हती. एकाला तीनशे अडतीस मॅग्नम, म्हणजे जादा दारूचं दांडगं काडतूस, हवं होतं, कारण त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर तोच आकडा होता. मी विचारलं, जनावर कोणतं? तो म्हणाला, "नंबराला शोभेल असं." दुसऱ्याने ऑगस्टमध्ये काडतुसांची पेटी गाडीत, काचेखाली ठेवली. त्या तापलेल्या काडतुसांवर रायफलीवरची दुर्बीण जुळवली आणि बर्फात जाऊन नेम धरला. दारू तापली की गोळी जोरात जाते, गारठली की मंद. त्याच्या सगळ्या गोळ्या खाली पडल्या. परत येऊन त्याने माझ्याकडे डोंगराविरुद्ध तक्रार केली.

पण हा लेख बू नासरबद्दल आहे.

कुवेतमध्ये प्रौढ माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बू नासर, म्हणजे नासरचे वडील. निवृत्त मुख्याध्यापक, साठी ओलांडलेले, अंगाने किरकोळ, आवाजाने भरदार. त्यांच्या वडिलांचा मुंबईत खजुराचा व्यापार होता. लहानपणीच्या सुट्ट्या तिथे गेल्यामुळे ते आमच्याशी मुंबईच्या हिंदीत बोलत आणि मला 'सहाफी', म्हणजे पत्रकार, अशी हाक मारत. बनेद अल-गारमध्ये त्यांची दिवानिया होती. दिवानिया म्हणजे घराची पुरुषांची बैठक: संध्याकाळी मित्र जमतात, चहा पितात आणि जगातल्या सर्व प्रश्नांवर निकाल देतात. बू नासर यांच्या दिवानियेतले निम्मे लोक त्यांचे माजी विद्यार्थी होते. तिथे मुख्याध्यापकांची चूक काढणारा अजून जन्माला आला नव्हता. अपवाद फक्त त्यांच्या मेहुण्याचा, बू खालिदचा. तो उंच, रुंद आणि प्रत्येक बाबतीत जाणकार होता.

दोन वर्षांपूर्वी बू नासर मरालाच्या शिकारीला निघाले, तेव्हा मी तक्ता पुढे केला. चारशे मीटरवर सगळ्यात जास्त जोर कुणाचा उरतो? तीनशे अडतीस मॅग्नमचा. त्यांनी मान डोलावली, मी मान डोलावली, बू खालिदने सर्वांत आधी डोलावली होती. विषय संपला.

शिकारीहून परतलेला माणूस पहिल्या आठवड्यातच दुकानात येतो. आमच्याकडे न सांगितलेली शिकार झालीच नाही असं धरतात. बू नासर तीन महिने आले नाहीत. आले तेव्हा उजव्या भुवईच्या वर एक वण होता. चंद्रकोरीसारखा, अगदी रेखीव.

मी विचारलं, "ये क्या हुआ?"

"गाडी का दरवाज़ा लग गया," ते म्हणाले आणि लगेच मुद्द्यावर आले. "सहाफी, इससे भी बड़ी दे."

मी गाडीबद्दल पुढे काही विचारलं नाही. वृत्तसंपादकाने माझी कॉपी तोंडावर फेकली असती, एवढा तो हलगर्जीपणा होता.

मग त्यांनी सांगितलं, आणि आवाज प्रथमच खाली आला. अंतर साडेतीनशे मीटर होतं. नर उभा होता, आडवा, स्वच्छ दिसत होता. त्यांनी चाप ओढला. गोळी छातीत लागायची ती मागच्या पायात लागली. मराल तीन पायांवर डोंगरापलीकडे गेला. वाटाड्यांनी आणि त्यांनी दोन दिवस घोड्यांवरून शोधलं. सापडला नाही.

"जानवर को तड़पता छोड़ के आया मैं," ते म्हणाले. "नमाज़ में खड़ा होता हूँ तो वही दिखता है. तीन पाँव."

पुढच्या सप्टेंबरात ते पुन्हा जाणार होते. एकाच नराचा परवाना होता. तोही असा जखमी होऊन गेला, तर रायफल परत करणार आणि शिकारीचं नाव घेणार नाही. दिवानियेत या विषयावर मतदान झालं होतं. कमी पडलं ते काडतूस, तेव्हा आणखी मोठं घ्यावं, असा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात कुणी नाही. बू सालेह नावाचे एक ऐंशीचे गृहस्थ तटस्थ राहिले, कारण ते झोपले होते.

मी ताजा तक्ता काढणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"दादानू, हो वण दाराचो नाय. दुर्बिणीचो."

हा बाबी मेस्त्री. कुडाळजवळच्या गावचा सुतार, जलीबमध्ये सहा जणांच्या खोलीत राहणारा. दुकानाच्या मागच्या खोलीत रायफलींचे लाकडी दस्ते दुरुस्त करणं हे त्याचं काम. त्याने जिना, दार, पाट, देव्हारा सगळं केलेलं होतं. कोणतीही वस्तू माणसाच्या अंगाला कुठे घासते, एवढंच त्याला बघता येई आणि तेवढं पुरेसं होतं. त्याने शेल्फवरची एक दुर्बीण काढली आणि लांबूनच, बू नासर यांच्या कपाळाच्या रोखाने, हवेत धरली. मागच्या कडेचा गोल आणि भुवईवरची कोर. माप तंतोतंत तेच.

मला एका क्षणात सगळं समजलं. रायफल एवढ्या जोरात मागे येत होती की दुर्बीण त्यांच्या कपाळावर आपटत होती. एकदा असा मार बसला की माणसाचं शरीर पुढच्या वेळी आधीच तयारी करतं. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो, नळी खाली जाते. स्वतःला पत्ता लागत नाही, कारण लगेच धमाका होतो आणि सगळं त्यात झाकलं जातं. मी मरालाला पुरेल असं काडतूस दिलं होतं. ते कुणाच्या खांद्यावरून सुटणार, हा रकाना तक्त्यात नव्हताच.

पण मुख्याध्यापकांना हे सांगायचं कसं? "तुम्ही घाबरता" हे वाक्य उच्चारायला कुवेतात कुणी धजावलं नसतं. पुरावा हवा होता.

पुरावा आमच्याकडे एका डबीत पडून होता. नकली काडतूस: रूप तेच, वजन तेच, आत दारू नाही. खऱ्यांमध्ये हे एक मिसळायचं. झाडणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्याची पाळी आली की धमाका होत नाही, आणि माणूस चाप ओढताना काय करतो ते उघड्यावर दिसतं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं ठरलं. मला बू नासर एकटे अपेक्षित होते. तीन गाड्या आल्या. अख्खी दिवानिया उतरली, थर्मास आणि सतरंज्यांसह. बू सालेह यांना हात धरून खुर्चीत बसवण्यात आलं.

मी अट घातली: काडतूस मी भरणार, झाडणाऱ्याने बघायचं नाही. पहिलं खरं. धमाका. लक्ष्याच्या कडेला छिद्र. "माशाल्ला," मागून आवाज. दुसरं खरं. छिद्र दिसलं नाही. "हवा है," बू खालिद म्हणाला. पतंगाची शेपटीही हलली नसती, एवढी हवा होती.

तिसरं नकली.

टक.

त्या शांततेत सर्वांनी पाहिलं. बू नासर यांचे डोळे करकचून मिटले होते. ओठ मुडपलेले. खांदा हातभर पुढे, आणि नळी वाळूला सलाम करत होती. इंजेक्शनच्या सुईसमोर बसलेल्या मुलाचा चेहरा होता तो.

मग बू खालिद खो खो हसला.

बू नासर शांतपणे उठले, कपडे झटकले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "अब तू बैठ."

बू खालिद बसला. पहिलं खरं, दुसरं खरं. तिसऱ्याला त्याचा देह उसळला, खुर्ची उलटली, आणि 'टक' होण्याच्या आधीच तो "या अल्लाह!" असं ओरडला. एक माजी विद्यार्थी हसता हसता सतरंजीवर लोळला. त्याला बखोटीला धरून बसवण्यात आलं. त्याने डोळ्यांबरोबर तोंडही मिटलं आणि जीभ चावली. त्यानंतर मैदानाचा ताबा सुटला. बँकेतले, पाणीपुरवठ्यातले, एक दातांचे डॉक्टर, असे पोक्त, प्रतिष्ठित गृहस्थ स्वतःची फजिती करून घ्यायला रांग लावून उभे राहिले. कुणाची टोपी उडाली. डॉक्टर नळी न हलवता बसले, पण त्यांनी चाप ओढलाच नव्हता. प्रत्येक 'टक'नंतर टाळ्या, शिट्ट्या आणि चहा. मी एवढी काडतुसं भरली की बोटांना तेलाचा वास चिकटला. एकच माणूस असा निघाला की नकली काडतुसावर चाप ओढूनही ज्याची नळी केसभर हलली नाही: बू सालेह. ते तिथेही तटस्थ राहिले.

शेवटी मेस्त्रीने मला बसवलं. काडतूस त्याने भरलं. मी नेम धरला, चाप ओढला, डोळे मिटले. टक. तोच माझा प्रयत्न.

"दादानू," मेस्त्री म्हणाला, "तुमी आपले तक्तेच लिवा."

हसण्याच्या त्या गोंधळात बू नासर दिसेनात. ते गाडीत बसले होते, दार उघडं ठेवून. मी जाऊन उभा राहिलो.

"तेरे को मालूम था?"

"शक था. मालूम आज हुआ."

"मतलब वो जानवर... बंदूक छोटी नहीं थी."

"नहीं. और वो बंदूक मैंने दी थी."

त्यांनी भुवईवरच्या वणावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "इलाज?"

"छोटी."

"कितनी छोटी?"

"सात मिलीमीटर. सादी. मॅग्नम नहीं."

"मैं मुर्गी मारने जा रहा हूँ क्या?"

मग मी सरळ सांगितलं. बेताच्या दणक्याचं काडतूस, त्यात वजनदार, फुटून विखरणार नाही अशी गोळी. छातीत योग्य जागी लागली तर तीनशे मीटरपर्यंत मरालाला तेवढी पुरते. चुकीच्या जागी लागली तर जगातलं कोणतंही काडतूस पुरत नाही. आणि तीनशेच्या पुढे झाडायचं नाही. समोर कितीही देखणा नर असो. कारण अंतर काडतूस ठरवत नाही, हात ठरवतो.

काडतूस लहान घ्यायला ते दहा मिनिटांत तयार झाले. तीनशेच्या पुढे न झाडण्याला पूर्ण एक आठवडा लागला.

काडतूस बदललं की रायफलही बदलते. मंदूबने नवे कागद फिरवले. रायफल आल्यावर मेस्त्रीने बू नासर यांना डोंगरातला जाड कोट घालून यायला सांगितलं. मार्चच्या उन्हात ते दुकानात कोट घालून घामाघूम उभे राहिले. मेस्त्रीने दस्ता त्यांच्या खांद्याला लावला, डोळा बारीक केला आणि पेन्सिलने खूण केली. दस्ता दोन बोटं कापायचा, मागे मऊ रबर बसवायचं.

"पायताण पायाच्या मापान घेतत," तो पुटपुटला, "मगे बंदूक खांद्याच्या मापान कित्याक घेनत नाय?"

"मिस्त्री क्या बोलता है?" बू नासर यांनी विचारलं. मी भाषांतर केलं. ते म्हणाले, "इसको मेरे स्कूल में होना चाहिए था. मेरी कुर्सी तीस साल ऊँची थी."

मरालाच्या छातीतली नेमकी जागा जेवणाच्या थाळीएवढी धरायची. पाचपैकी पाच गोळ्या थाळीत बसतील ते आपलं अंतर. बू नासर दर शुक्रवारी मैदानावर जात, आणि मी न सांगता नकली काडतूस मधूनच सरकवत असे. एप्रिलमध्ये दोनशे मीटरवर पाच. मे संपेपर्यंत तीनशेवर पाच. साडेतीनशेवर तीन. सीमा आखली गेली. दिवानियेत फेरमतदान होऊन सात मिलीमीटर मंजूर झालं. बू सालेह यांची भूमिका कायम होती.

सप्टेंबरात ते बू खालिदसह गेले. मी काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना चुकीचे सुटे पैसे परत देत होतो. सहाव्या दिवशी दुपारी दुकानाचा फोन वाजला. वारा, घोड्यांचं फुरफुरणं, आणि त्यातून मुख्याध्यापक.

"सहाफी! पहला दिन, चार सौ बीस मीटर! ऐसा नर, ऐसे सींग! गाइड बोला मारो. मेरा साला बोला मारो, मारो! मैंने नहीं मारा!"

"फिर?"

"फिर तीन दिन कुछ नहीं. साला मेरे से बात नहीं करता. आज सुबह, दो सौ सत्तर." ते थांबले. मी फोन दोन्ही हातांनी धरला. "सहाफी, मैंने देखा."

"क्या देखा?"

"सब! आँख खुली थी! उसकी पीठ से धूल उड़ी. वो दो कदम चला और बैठ गया. बस, बैठ गया. तीस साल से शिकार करता हूँ, मैंने कभी अपनी गोली लगते नहीं देखी. मेरे को मालूम ही नहीं था कि दिखता है!"

धूळ कशी उडाली, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. चारही वेळा मी अंतर विचारलं. चारही वेळा दोनशे सत्तरच आलं, म्हणून बातमी पक्की धरली. मेस्त्री शेजारी उभा राहून विचारत होता, "बसलो मां? जाग्यार बसलो मां?" मी मान हलवल्यावर त्याने रंधा खाली ठेवला आणि शोरूममध्ये, तंबूंच्या मधोमध, गणपतीच्या मिरवणुकीत नाचतात तशी एक गिरकी घेतली. मीही घेतली. सीसीटीव्हीत ते आहे.

तो पहिला मराल, तीन पायांवर गेलेला, सापडल्याची खबर नाही. तो बू नासर यांच्या नमाजात होता तसा माझ्या तक्त्यातही आहे. तक्ता मी बदलला. आता पहिला रकाना खांद्याचा असतो: वय, बांधा, जुनी दुखापत, कोट जाड की पातळ. जनावर दुसऱ्या रकान्यात. काडतूस सर्वांत शेवटी.

परतल्यावर आठवड्याच्या आत बू खालिद दुकानात आला, एकटाच वाटला. खुर्चीत बसला नाही. चहा नको म्हणाला. काउंटरवरचा किल्ल्यांचा जुडगा फिरवत, नजर ससाण्यांच्या टोप्यांकडे ठेवून त्याने विचारलं, की ती नकली काडतुसं मिळतात का, सहज, एका मित्राला हवी आहेत.

त्याच्या उजव्या भुवईच्या वर कापसाची पट्टी होती.

"ये क्या हुआ?" मी विचारलं.

"गाडी का दरवाज़ा."

या वेळी मी ते लगेच छापलं नाही. बातमी दुसऱ्या सूत्राकडून पक्की करून घ्यावी, असं आम्हाला शिकवलेलं आहे. दुसरं सूत्र काचेच्या दारातून नुकतंच आत येऊन बू खालिदच्या पाठीमागे उभं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. बू नासर बघत होते, दोन्ही डोळे सताड उघडे ठेवून.